काळी चार

संशय घेणं हा आमच्या घराण्याचा जुना गुण. पूर्वजांची परळला वाडी होती, ती कुणा मुखत्याराने गिळली असं सांगतात. तेव्हापासून घरातली प्रत्येक पिढी दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांकडे एक डोळा बारीक करून बघत आली. मी गिरगावात, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, हाच डोळा घेऊन मोठी झाले. त्यातून ती वर्षं संयुक्त महाराष्ट्राची. रोज कुठे ना कुठे मोर्चा, कुठे सभा, मधूनच संचारबंदी. सगळं गिरगावच तेव्हा संशयी झालं होतं. वाडीच्या तोंडाशी कुणी छत्रीवाला अनोळखी माणूस दोन दिवस उभा राहिला की तो साध्या कपड्यातला पोलीस ठरायचा. असा एक छत्रीवाला वाडीतल्या लोकांनी कोंडाळं करून पकडला, तर तो तळमजल्यावरच्या मुलीची चौकशी करायला आलेला वरपक्षाचा मामा निघाला. लग्न अर्थातच मोडलं.

मी भावगीतं गायची. हळदीकुंकू, सत्यनारायण, गणपतीतला एखादा कार्यक्रम, असं आमचं चालायचं. तेव्हा गाणाऱ्या मुलीला एकच पदवी मिळायची, ती म्हणजे ‘हुबेहूब’. रेकॉर्डवरच्या बाईसारखं जी गाईल ती मोठी. मी ही पदवी पुरेपूर मिळवली होती. समोरच्या खोलीतल्या काकींकडे चावीचा ग्रामोफोन होता. त्यांच्या दारात बसून मी एकेक रेकॉर्ड पन्नास-पन्नास वेळा ऐकली होती. बाई कुठे श्वास घेते, कुठे आवाज जरा कापतो, तेसुद्धा मी उचललं होतं. काकी दारावर टेकून म्हणायच्या, “डोळे मिटले तर कळूचा नाय गो, तू गातंस की तबकडी गाता.” मला ह्यापलीकडे काही नको होतं.

बाबांना मात्र माझं असं दारोदार गाणं खपत नव्हतं. ते फोर्टमधल्या एका हपिसात कारकून. “रेडिओवर गात असशील तर त्याला काही अर्थ आहे,” ते म्हणाले. “एकदा परीक्षेला बस. पास झालीस तर गा. नापास झालीस तर पेटी माळ्यावर जाईल, आणि मग आम्ही सांगू त्यांच्यासमोर पोह्यांची बशी घेऊन यायचं.” बाबा एकदा बोलले की बोलले. एक परीक्षा आणि एक पोह्यांची बशी, ह्या दोन्हींच्या मधे मी उभी होते.

तयारीसाठी बाबांनी एक पेटीमास्तर ठरवले. मास्तर लालबागला राहायचे आणि दिवसा कॉटन ग्रीनला एका गोदामात कारकुनी करायचे. त्यामुळे त्यांच्या कोटाला आणि भुवयांनासुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले असत. पेटीवर बोटं ठेवण्याआधी ते तळहात धोतराला दोनदा पुसत. बोलायचे कमी. कमी बोलणारा माणूस म्हटला की आमच्या घरात त्याच्यावर आधीच अर्धा खटला भरलेला असतो.

मास्तरांनी पहिल्याच महिन्यात मला एक नवं गाणं दिलं. रेडिओवर रेकॉर्डची नक्कल चालत नाही, स्वतःचं गाणं लागतं, हे त्यांनीच सांगितलं. शब्द बाबांच्या हेडक्लार्कचे होते, दिवेलागणीला वाट बघणाऱ्या बाईचे. चाल मास्तरांनी लावली. साधी चाल, फारशी वर न जाणारी. “ही तुझ्या गळ्याची आहे,” ते म्हणाले. शब्दांखाली सुरांची खूण करून त्यांनी ती माझ्या वहीत उतरवून दिली. मला चाल फार आवडली, आणि म्हणूनच मी मनात म्हटलं, एवढी चांगली चाल हा माणूस मला फुकट का देतोय?

त्यानंतर परळच्या एका चाळीत सत्यनारायण होता, पेटीवर मास्तर. मी रेकॉर्डचं नेहमीचं गाणं धरलं आणि पहिल्या सुरालाच जिन्याची पायरी चुकल्यासारखं झालं. पट्टी खाली होती. मी नेहमी काळी पाचला गायची, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून. मास्तरांनी न सांगता, न विचारता सूर उतरवला होता. कसंबसं गाणं संपवलं. टाळ्या पडल्या, पण कुणी ‘हुबेहूब’ म्हणालं नाही. मी जिन्यातच त्यांना गाठलं.

“मास्तर, पट्टी कुठली दिलीत?”

“काळी चार.”

“माझी काळी पाच आहे. रेकॉर्ड काळी पाचची आहे.”

“रेकॉर्ड काळी चारची आहे गो बाय,” ते शांतपणे म्हणाले. “वर तुझा आवाज सुईसारखा होतो. खाली त्याला अंग येतं.”

मी रेकॉर्ड पन्नास वेळा ऐकलेली आणि हा माणूस मला रेकॉर्ड सांगणार! मी घरी येऊन काकींचा ग्रामोफोन लावला, पेटीवर सूर धरला. काळी पाचच. चोख काळी पाच. म्हणजे मास्तर खोटं बोलले होते. खोटं बोलण्याला कारण लागतं. मी ते शोधू लागले, आणि शोधणाऱ्याला काय, सापडतंच.

मास्तर बुधवारी कधी येत नसत. विचारलं तर “काम असतं” एवढंच. पुढच्या बुधवारी मी मैत्रिणीकडे जाते असं सांगून निघाले आणि संध्याकाळी कॉटन ग्रीनच्या गोदामापाशी उभी राहिले. छत्री तेवढी नव्हती हातात, नाहीतर मीसुद्धा साध्या कपड्यातली पोलीस ठरले असते. मास्तर बाहेर पडले. मी पदर डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे लालबागपर्यंत गेले. ते एका चाळीत शिरले. मी जिन्याखाली थांबले. वरून पेटी सुरू झाली आणि एक मुलगी गाऊ लागली. मोठा, उघडा, मैदानात पोचेल असा आवाज. शब्द मुंबईचे होते, ‘मुंबई आमची’ असे. आणि चाल? चाल माझी. दिवेलागणीची. फक्त जरा उचलून, ठेक्यात बसवलेली.

सगळं जुळलं. ही मुलगी परीक्षेला बसणार. माझी चाल तिला द्यायची, आणि मला चुकीच्या पट्टीला बसवून पाडायचं. त्या जिन्याखाली मला जेवढी खात्री वाटली तेवढी आयुष्यात फार थोड्या गोष्टींची वाटली आहे.

त्याच आठवड्यात रेडिओचा फॉर्म भरायचा होता. ‘गीत’ ह्या रकान्यात मी हेडक्लार्कांचं नाव नीट लिहिलं, कारण बाबा फॉर्म बघणार होते. ‘संगीत’ ह्या रकान्याशी मी बराच वेळ टाक धरून बसले. मास्तरांचं नाव लिहिलं आणि त्या मुलीनेही तेच लिहिलं, तर नक्कल माझी ठरेल. मी लिहिलं, ‘स्वतः’. एकच शब्द. बाबांनी वाचला आणि भुवया उंचावल्या. “चाल मीच बसवली,” मी म्हटलं. एकदा लिहिल्यावर बोलायला काहीच जड गेलं नाही.

शनिवारी मास्तर आले तेव्हा मी दारातच त्यांना विचारलं, “लालबागची ती मुलगी कोण?”

ते आवाज खाली करून म्हणाले, “माझ्या भावाची मुलगी. समितीच्या सभांना कलापथक आहे आमचं, त्यात गाते. हळू बोल. आमच्या शेठना कळलं तर गोदामातलं माझं काम जाईल.”

“आणि माझी चाल तिला कशी दिलीत?”

“चाल तुझी कधी झाली?” ते म्हणाले. रागाने नव्हे. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी मात्र ओरडले. गॅलरीत चार दारं उघडली एवढ्या मोठ्याने ओरडले. मला पाडायचा डाव आहे, पट्टी मुद्दाम उतरवता, तोंडावर एक आणि मागे एक. मास्तर पायरीवर चप्पल शोधत होते. जाताना एवढंच म्हणाले, “रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे लावून बघ.” खुणा तपासायला मागच्या वेळी नेलेली माझी गाण्याची वही त्यांच्या पिशवीतच राहिली. ती त्यांनी मुद्दाम नेली असंही मी ठरवून टाकलं.

खरं तर मास्तरांचं खोटं पकडावं म्हणूनच मी रेकॉर्ड घेऊन निघाले. पंच्यात गुंडाळून ती गिरगावातल्या एका वाद्यांच्या दुकानात नेली. तिथले म्हातारे गृहस्थ पेट्याही दुरुस्त करायचे आणि ग्रामोफोनही. त्यांनी रेकॉर्ड लावली. बाई गायला लागली आणि मला वाटलं, ही दुसरीच कुणी आहे. आवाज भरलेला, संथ, थोडा थकलेला. म्हाताऱ्यांनी पेटीवर काळी पाच दाबली. जुळेना. काळी चार दाबली. जुळली.

माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हा म्हाताराही मास्तरांना सामील आहे.

“आमच्याकडे ही काळी पाच लागते,” मी म्हटलं.

“मग तुमचं मशीन धावतंय,” ते म्हणाले. त्यांनी कागदाचा एक कपटा रेकॉर्डच्या कडेखाली सरकवला. कपटा फेऱ्या घालू लागला. “घड्याळ लावा आणि मोजा. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या पाहिजेत. जास्त झाल्या की सूर चढतो.” त्यांच्या मशीनवर मी मोजल्या. अठ्ठ्याहत्तर.

घरी येऊन काकींच्या ग्रामोफोनवर कपटा लावला आणि बाबांचं मनगटी घड्याळ समोर ठेवलं. अठ्ठ्याऐंशी. बाबांच्या घड्याळावर माझा विश्वास नव्हता, म्हणून काकींच्या भिंतीवरच्या घड्याळावर मोजल्या. अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यांदा मोजल्या तेव्हा काकींनी विचारलं, “काय गो, कसल्या प्रदक्षणा मोजतंस?”

मी सांगितलं. त्या हसल्या. “तो वेगाचो काटो आमच्या ह्यांनीच पुढे केलेलो. स्प्रिंग सैल झालेली ना, गाणा शेवटाक आला की ती बाई रडाक लागायची. सणासुदीला घरात रडणा नको, म्हणून ह्यांनी काटो ढकलून ठेवल्यानी. आता ह्यांका जावन सात वर्सां झाली. कोण हात लावता?”

सात वर्षं. सात वर्षं मी जिची हुबेहूब नक्कल केली ती बाई जगात कुठे नव्हतीच. ती फक्त काकींच्या खोलीत राहत होती. माझ्या गळ्यातली सुई तिची होती, लगबग तिची होती, धाप लागल्यासारखा तो श्वाससुद्धा तिचाच. आणि सगळी चाळ तिलाच ओळखत होती, म्हणून मला टाळ्या देत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी काळी चारला गाऊ लागले. सुरुवातीला फार ओशाळं वाटलं. आवाज खाली आला की तो उघडा पडतो, लपायला जागा राहत नाही. माझ्या आवाजाला खालच्या बाजूला एक जाडसर किनार आहे, सुती लुगड्याला असते तशी, हे मला तेव्हा कळलं. आधी मी ती लपवत होते, मग लपवायचं सोडलं. उसन्या हरकती एकेक करून गाळल्या. शब्दांना श्वास मिळाला. ‘वाट’ हा शब्द मी इतके दिवस म्हणत होते, पण त्यावर थांबायचं असतं हे मला पहिल्यांदाच सुचलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “आज कुठे बरं वाटत नाही का? आवाज वेगळा लागतोय.” मला मात्र इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग मास्तरांकडे का गेले नाही? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला आहे. लाज होतीच. पण त्याहून खरं सांगायचं तर संशय सुटला नव्हता. पट्टीबाबत माणूस खरा निघाला म्हणून चालीबाबतही खरा कशावरून, असं मी मनाला समजावत होते. फॉर्म टपालात पडला होता, आणि तो शब्द खोडायला लागू नये म्हणून मला मास्तर थोडे तरी लबाड हवे होते.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर आम्ही सात-आठ जणी होतो. मी प्रत्येकीकडे बघून लालबागचा आवाज शोधत होते. ती तिथे नव्हती. तिने कधी फॉर्म भरलाच नव्हता. एक कारकून कागद घेऊन आले. माझ्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाले, “गीत अमुक, संगीत स्वतः. बरोबर आहे ना? काही बदलायचंय?”

त्यांनी विचारलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. माणसाला सगळ्याच वेळी कुणी विचारत नाही, मला विचारलं होतं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

आत गेले. परीक्षक पडद्याआड होते. पेटीवाल्याने वर न बघता विचारलं, “पट्टी?”

“काळी चार.”

माझा आवाज जराही कापला नाही. मी गायले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणासारखी न गाता गायले. ‘वाट’वर थांबले तेव्हा तबलजीने मान वर केली. बाहेर आले तेव्हा मला माहीत होतं की मी पास आहे. त्याबाबत मात्र मला तिळमात्र संशय नव्हता.

पत्र आलं. बाबांनी ते उजेडासमोर धरून शिक्का खरा आहे का ते पाहिलं, मग पेढे आणले. पेटी माळ्यावर गेली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी निवेदिका माझ्या समोर बसून म्हणाली, “गायन आणि संगीत,” आणि माझं नाव घेतलं. लाल दिवा लागला होता, त्यामुळे काही बोलता येत नव्हतं. मला हे कारण फार सोयीचं वाटलं. घरी परतले तर सगळी चाळ गॅलरीत. फक्त काकी विचारात पडल्या होत्या. “गाणा बरा होता, पण आवाज तुझो नव्हतो गो. दुसऱ्या कुणाक बसवलंस?” अजूनही कधीकधी तो प्रश्न आठवून मी हसते.

त्यानंतर महिन्याभराने, एका रविवारी सकाळी, मास्तर दारात उभे राहिले. कोट इस्त्रीचा होता, पण खांद्यावर कापूस होताच. मी ‘या’ म्हटलं, ते आत आले नाहीत. पिशवीतून माझी वही काढून त्यांनी पुढे केली.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “लालबागच्या हॉटेलात उभा राहून ऐकलं. पट्टी बरोबर होती.”

वही घेत मी विचारलं, “तुमचं कलापथक कसं चाललंय?”

“चाललंय. ते एक गाणं बंद केलं. परळच्या सभेत लोक ओरडले, रेडिओची चाल चोरली म्हणून. पोर घाबरली. स्टेजवरच रडली. कार्यकर्त्यांनी मला विचारलं, मास्तर, चाल कुणाची?”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? रेडिओ खोटं बोलतो म्हणून?” ते थोडं हसले. “आधीच लोक कुणावर विश्वास ठेवत नाहीत. म्हटलं, चुकून आली असेल कानावरून. पोरीची माफी मागून टाकली.”

मी रडले. सगळं सांगितलं, फॉर्म, बाक, तो कारकून. पुढच्या वेळी तुमचं नाव सांगते म्हटलं. त्यांनी हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली आणि जिना उतरायला लागले. मी कठड्याशी उभी राहून वही उघडली. ते गाणं मास्तरांनी उतरवून दिलं त्या दिवशी वर कोपऱ्यात ‘काळी चार’ लिहिलं होतं, ते मी तोवर वाचलंच नव्हतं. त्याच्या खाली, चाल देणाऱ्याच्या नावाची जागा त्यांनी तेव्हा कोरी ठेवली होती. आता तिथे नव्या शाईने, त्यांच्या त्याच वळणदार अक्षरात, माझं नाव होतं.

“मास्तर, हे काय?” मी वरूनच ओरडले.

ते खालच्या वळणावर थांबले. “वहीत एक आणि रेडिओवर एक नको,” ते म्हणाले. “उद्या कुणी तुझ्यावर संशय घेईल.”